मोबाइलमधली सरकारी कागदपत्रं कुठे चालतात, कुठे अडतात आणि आधी काय दुरुस्त करायचं

ताई, तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मोबाइलवरची गुणपत्रिका दाखवली तर कॉलेजातल्या कारकुनाने "हे चालत नाही, ओरिजिनल आणा" म्हणून परत पाठवलं. त्याच फोनवरचं लायसन्स वाहतूक पोलिसाने मात्र काही न बोलता मान्य केलं. डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारी कागद मोबाइलवर ठेवायच्या केंद्र सरकारच्या ॲपमध्ये, तुमचं पॅन येतच नाही, नाव जुळत नाही असा संदेश येतो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांना यंदा हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं नाहीये. गावाकडच्या जमिनीचा सातबाराही मोबाइलवरून काढायचा आहे. आणि या सगळ्यासाठी फोनमध्ये किती ॲप ठेवायची, हेही विचारलंय. मी तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, ज्याला आमच्याकडे लोक अजून सेतूच म्हणतात. या टेबलावर बहुतेक जण याच तक्रारी घेऊन येतात, म्हणून एकेक करून सांगतो.

आधी कॉलेजचं. फोनवर दिसणाऱ्या कागदाला किंमत आहे की नाही हे तो फोनमध्ये कुठून आला यावर ठरतं. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो हा नुसता फोटो आहे, त्याला कुणी भीक घालणार नाही आणि घालूही नये. डिजिलॉकरमध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. एकात तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या फायली राहतात, त्यासाठी १ जीबी जागा मिळते. दुसरा कप्पा 'इश्यूड' नावाचा. त्यातला कागद तुम्ही ठेवलेला नसतो, तो ज्या खात्याने दिला त्याच्या नोंदीतून थेट आलेला असतो: लायसन्स परिवहन खात्याकडून, गुणपत्रिका बोर्डाकडून, आधार हे यूआयडीएआय या आधारच्या प्राधिकरणाकडून. कायद्याने मान दिलाय तो या दुसऱ्या कप्प्याला. डिजिलॉकर १ जुलै २०१५ ला सुरू झालं, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या डिजिटल लॉकरच्या नियमांत ९-अ हा नियम आला फेब्रुवारी २०१७ मध्ये, आणि त्यानंतर या जारी केलेल्या कागदांना मूळ कागदाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. रेल्वेने जुलै २०१८ मध्ये प्रवासात ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन्स मान्य केलं, तेव्हा त्याच आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की प्रवाशाने स्वतः चढवलेली फाइल चालणार नाही. लायसन्स आणि आरसी बुकाच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्येच नोव्हेंबर २०१८ मध्ये बदल झाला आणि कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायला मुभा मिळाली. म्हणून पोलिसाने काही म्हटलं नाही. ती त्याची मेहेरबानी नव्हती, नियमच तसा आहे.

आता कॉलेजने नेमकं काय मागितलं ते बघा, कारण इथे दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर असतात. गुणपत्रिका डिजिलॉकरच्या इश्यूड कप्प्यात असेल तर ती नाकारायला कॉलेजकडे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सगळ्या विद्यापीठांना आणि संस्थांना कळवलं आहे की डिजिलॉकरमधल्या जारी केलेल्या पदव्या, गुणपत्रिका वैध कागद म्हणून स्वीकारा. पण शाळा सोडल्याचा दाखला ही वेगळी चीज आहे. तो कॉलेज मूळ स्वरूपात जमा करून घेतं, कारण एका विद्यार्थ्याचा प्रवेश एका वेळी एकाच ठिकाणी राहावा हाच त्या दाखल्याचा उपयोग. तो मोबाइलवर दाखवून भागत नाही. जात वैधता प्रमाणपत्राचंही तसंच, पडताळणीच्या दिवशी मूळ प्रत सोबत हवी. आणि तुमच्या मुलीला नॉन-क्रीमी लेयर लागत असेल तर तो मोबाइलवर आहे की कागदावर यापेक्षा त्यावरची तारीख महत्त्वाची: ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घेताय ते संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असायला हवा. दरवर्षी कितीतरी मुलं केवळ या तारखेपायी राखीव जागा सोडून खुल्या प्रवर्गात जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तो दाखला एप्रिलमध्ये, गर्दी नसताना, आरामात निघू शकतो.

कारकून नाही म्हणतो त्याच्या मागे बऱ्याचदा एक छोटी तांत्रिक अडचण असते, ती समजून घेतली तर वाद न घालता काम होतं. ई-आधार किंवा गुणपत्रिकेची पीडीएफ उघडली की खाली सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि सही पडताळलेली नाही अशा अर्थाचा मजकूर असतो. बघणाऱ्याला वाटतं कागद खोटा आहे. प्रत्यक्षात एवढंच झालेलं असतं की त्या कॉम्प्युटरने सही देणाऱ्या यंत्रणेला अजून ओळखलेलं नाही. ती फाइल कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये उघडायची, इंटरनेट चालू ठेवायचं, सहीवर उजवं क्लिक करून सही पडताळण्याचा पर्याय घ्यायचा, मग सहीच्या तपशिलात जाऊन ते प्रमाणपत्र विश्वासू यादीत टाकायचं आणि पुन्हा एकदा पडताळायचं. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. एकदा केलं की त्या कॉम्प्युटरवर परत करावं लागत नाही. मोबाइलवरचे बहुतेक पीडीएफ वाचक ही तपासणी करतच नाहीत, त्यामुळे फोनवर हिरवी खूण शोधत बसू नका. आणि छापील प्रत काढली की डिजिटल सही कागदावर उतरत नाही, उतरतं ते फक्त तिचं चित्र. म्हणून प्रिंटवर क्यूआर कोड असेल तर तो नीट, पूर्ण, न दुमडता छापून आला आहे ना हे बघा, तपासणारा तोच स्कॅन करणार. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवून त्याची प्रिंट काढली तर तो कोड धूसर होतो आणि वाचला जात नाही. मूळ पीडीएफ फाइल म्हणूनच पाठवायची.

कॉलेजात परत जाल तेव्हा वाद घालू नका. डिजिलॉकरमधून बोर्डाची गुणपत्रिका त्यांच्यासमोर उघडा आणि पडताळणी तुमच्याच कॉम्प्युटरवर करा असं सांगा. प्राचार्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. तोंडी नकार देणारी माणसं लेखी नकार द्यायला सहसा तयार होत नाहीत.

आता तुमच्या पॅनकडे येतो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात. ॲप बिघडलंय, सर्व्हर डाऊन आहे असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा ॲप बरोबर असतं आणि नोंद चुकलेली असते. डिजिलॉकरमध्ये पॅन मागवताना नीट बघा: पॅन क्रमांकाची चौकट तुम्ही भरता, पण नाव आणि जन्मतारीख तिथे आधीच भरून आलेली असते आणि ती खोडता येत नाही. ती आधारवरून आलेली असते. आधारवर 'सुनीता महेश जाधव' आणि पॅनवर अजून माहेरचं 'सुनीता रमेश पाटील' असेल तर यंत्र ही दोन वेगळी माणसं समजतं. त्यात आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, यंत्राला कळत नाही.

म्हणून कुठलंही ॲप टाकायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा: दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँकेचं पासबुक. नाव अक्षरन् अक्षर आणि जन्मतारीख जुळवून बघा. जिथे फरक दिसेल तिथे प्रश्न येतो की कुठला कागद धरून बाकीचे बदलायचे. माझं ठाम मत असं की ज्याची नोंद बदलणं सगळ्यात अवघड तो पाया धरावा, आणि तो बहुतेकांच्या बाबतीत दहावीच्या बोर्डाचा कागद असतो. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईने "आत्ता एवढं करून टाकू, पुढचं पुढे बघू" असं करू नका. ती संधी संपली की मग खरी पायपीट सुरू होते.

लग्नानंतर नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही, हे मी समोर बसलेल्या प्रत्येक नव्या सुनेला आणि तिच्या सासूलाही सांगतो. शिक्षण, नोकरी, पॅन सगळं माहेरच्या नावावर असेल तर तेच ठेवणं अगदी कायदेशीर आहे आणि कागदोपत्री सोपंही. बदलायचंच असेल तर अर्धवट नको. विवाह नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं, त्याच्या आधारे आधार बदलायचं, मग पॅन, मग बँक, याच क्रमाने. नाव पूर्णच बदलत असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी, तो अर्ज ऑनलाइन होतो. तुमच्या बाबतीत आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने आहे असं लिहिलंय, म्हणजे पॅन दुरुस्त केलं की काम झालं. ती दुरुस्ती प्रोटीअन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल, किंवा यूटीआयआयटीएसएल या दोन अधिकृत संस्थांच्या संकेतस्थळावर घरूनच होते. दुरुस्त नाव पॅनच्या नोंदीत आलं की डिजिलॉकरमध्ये तेच दोन मिनिटांत उतरतं.

जन्मतारखेचाही एक खास आपल्याकडचा घोळ आहे. वडिलांच्या पिढीतल्या पुष्कळ जणांची शाळेतली तारीख १ जून आहे, कारण नाव घालताना गुरुजींनी ती लावली. त्यांच्याच आधारवर नोंदणीच्या वेळी फक्त वर्ष सांगितल्यामुळे १ जानेवारी बसली आहे. पेन्शनच्या कागदावर तिसरीच असू शकते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे प्राधिकरणाने स्वतः सांगितलं आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ च्या एका निकालात तेच मान्य केलं. त्यामुळे भांडण झालंच तर शाळेचा दाखला वरचढ ठरतो. मुलांच्या बाबतीत आता गोष्ट सुधारली आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा धरायचा असा केंद्राचा कायदा आहे. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं ठरलं आहे. घरात तान्हं बाळ असेल तर दवाखान्यातल्या नोंदीपासूनच हा क्रम सांभाळा. पुढची वीस वर्षं त्याचा फायदा होईल.

नावाइतकाच महत्त्वाचा आहे मोबाइल नंबर. या सगळ्या ॲपचं दार ओटीपीने उघडतं आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येतो, हातात असलेल्या नंबरावर येईलच असं नाही. देशातलं पहिलं आधार २०१० च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्या काळात नोंदणी करताना अनेकांनी नंबर दिलाच नाही, किंवा ऑपरेटरने कुणाचा तरी एकच नंबर दहा जणांना लावला. लोकांना हे आज कळतं, शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा एम-आधार ॲपमध्ये नंबर पडताळायची सोय आहे, आज रात्री घरातल्या सगळ्यांचं तपासून घ्या. नंबर चुकीचा असेल तर आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन बदलणं हा खात्रीचा मार्ग. जुना नंबर रिचार्ज न करता सोडून दिला असेल तर जास्तच घाई करा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत तर बहिणीबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागला. तिथे किती बायका या एका कारणाने ताटकळल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वडिलांचा हयातीचा दाखला. याबद्दल मला मनापासून बरं वाटतं, कारण ही सोय खरोखर म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचवते. जीवन प्रमाण योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ठसे घ्यायचं यंत्र लागायचं, आणि शेतात किंवा कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसायच्या. ठसा उमटेना म्हणून डोळ्यांत पाणी आलेले आजोबा मी पाहिले आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून पडताळणी आली आणि साध्या फोनवर घरबसल्या काम व्हायला लागलं.

त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप हवीत: 'जीवन प्रमाण' आणि प्राधिकरणाचं 'आधार फेस आरडी'. दुसरं ॲप बसवल्यावर स्क्रीनवर वेगळं उघडत नाही, ते पहिल्याच्या पाठीमागे काम करतं. उघडत नाही म्हणून काढून टाकू नका. आधी ऑपरेटरची नोंदणी करायची. ऑपरेटर म्हणजे दुसरं कुणी नाही, तुम्हीच. तुमचा आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल द्यायचा, ओटीपी टाकायचा आणि एकदा तुमचा चेहरा स्कॅन करायचा. मग वडिलांचा आधार क्रमांक आणि मोबाइल, त्यावर आलेला ओटीपी, पुढे नाव, पेन्शनचा प्रकार, पेन्शन मंजूर करणारं कार्यालय, देणारी बँक, पीपीओ क्रमांक (म्हणजे पेन्शन आदेशाचा क्रमांक), खाते क्रमांक. इथे बँक निवडताना चूक होऊ देऊ नका. दाखला निघतो, संदेशही येतो, पण चुकीच्या बँकेकडे गेल्यामुळे डिसेंबरात पेन्शन थांबते. पीपीओ क्रमांक पासबुकावरून किंवा जुन्या पेन्शन आदेशावरून उतरवून घ्या, आठवणीवर सांगायला लावू नका.

चेहरा स्कॅन करताना वडिलांना खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको. चष्मा काढायचा, टोपी-मफलर काढायचा. फोन त्यांच्या हातात देऊ नका, तुम्ही त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरा. स्क्रीनवरच्या वर्तुळात चेहरा बसला की डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. वयस्कर माणसं अशा वेळी डोळे ताणून एकटक बघत राहतात आणि स्कॅन फसतो. त्यांना आधीच सांगून ठेवा, "बाबा, मी म्हटलं की दोन-तीनदा पापण्या मिटा." झालं की प्रमाण आयडी असलेला संदेश येतो, तो जपून ठेवा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी नोव्हेंबर महिना ठरलेला आहे, आणि ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएफची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन असेल तर नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, वर्षात केव्हाही द्या, दिल्यापासून वर्षभर चालतो. वडील आजारी असतील आणि चेहरा जुळतच नसेल तर पोस्टमन घरी येऊनही हा दाखला काढून देतो, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सेवा आहे.

एक खबरदारी. वडिलांच्या एम-आधारमध्ये कुणी बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर ठसा काय आणि चेहरा काय, काहीच चालणार नाही. लॉक करणं चांगलंच आहे, ठशांची नक्कल करून खात्यातून पैसे काढण्याचे प्रकार त्याने थांबतात. फक्त रेशन दुकान, बँक, हयातीचा दाखला अशा कामाआधी तेवढ्यापुरतं उघडावं लागतं हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

सातबाऱ्याचं उत्तर लहान आहे. भूलेखच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो तो फक्त माहितीसाठी, त्यावर कर्ज मिळणार नाही आणि कोर्टातही चालणार नाही. महाभूमीवरून १५ रुपये भरून निघतो तो डिजिटल स्वाक्षरीचा. तो सगळीकडे चालतो, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. १ मे २०१८ पासून ही सोय आहे, तरी अजून काही ठिकाणी "तलाठ्याचा शिक्का आणा" म्हणतात. अशा वेळी उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक दाखवा, तो संकेतस्थळावर टाकला की उतारा समोर येतो. पिकाची नोंद मात्र सातबारा काढून होत नाही, त्यासाठी ई-पीक पाहणी ॲप आहे आणि शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. गावाला जाणं जमत नसेल तर तिथल्या कुणावर तरी ते काम सोपवा, हंगामाची मुदत गेली तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते.

किती ॲप ठेवायची विचारलंत. डिजिलॉकर, एम-आधार, उमंग, आणि गाडी असेल तर एम-परिवहन. एवढी पुरेत. उमंग मी मुख्यतः भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकासाठी वापरायला सांगतो, बाकी शेकडो सेवा आहेत पण बहुतेकांना त्यातल्या दोन-तीनच लागतात. जीवन प्रमाण वर्षातून एकदा बसवा आणि काम झाल्यावर काढलं तरी चालेल. पासपोर्ट कुठल्याच ॲपमध्ये दाखवून विमानाने परदेशी जाता येत नाही, तो हातातच लागतो.

आणि हे जरा कळकळीने सांगतो. कुठलंही सरकारी ॲप व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून बसवू नका. 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी' अशा नावांच्या, शेवटी एपीके लिहिलेल्या फायली फिरतात. दाबलं की ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण सवयीने हो म्हणतो, आणि त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी समोरच्या चोराला दिसतो. फाइल पाठवणारा नंबर ओळखीचा असतो, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. सरकारी खातं कधीही व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. प्ले स्टोअरवरसुद्धा नावाखाली बनवणाऱ्याचं नाव वाचा, डिजिलॉकरच्या खाली राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभागाचं नाव असतं. चुकून दाबलं गेलं तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. तक्रार करायला लाजू नका, शिकलेसवरलेले लोकही यात सापडतात.

आधारची प्रत कुठे द्यायची वेळ आली, लॉजवर, भाडेकरारासाठी, तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले आणि शेवटचे ४ दिसतात. डाउनलोड करतानाच तो पर्याय असतो. सायबर कॅफेत प्रिंट काढली असेल तर त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाइल आणि व्हॉट्सॲप वेबची खिडकी स्वतः बंद करून या. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, तो कुणालाही अंदाजाने काढता येतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

दाखल्याचा अर्ज मोबाइलवरून केला आणि तो नुसता पडून राहिला, तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत आणि ती यादी आपले सरकारच्या संकेतस्थळावर आहे. दिवस मोजायला पोचपावती लागते, म्हणून अर्ज क्रमांकाचा संदेश पुसू नका. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, मग दुसरं अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. नाकारताना लेखी कारण देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा अडवल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मी अनेकांना पहिलं अपील भरून दिलंय, आणि बहुतेकदा अपील भरल्या भरल्याच दाखला निघतो. खेटे घालण्यात गेलेल्या दिवसांपेक्षा तो अर्ज भरायला फार कमी वेळ लागतो.

शेवटी, फोन हरवला तर घाबरू नका. इश्यूड कप्प्यातला एकही कागद जात नाही, कारण तो खात्याच्या नोंदीत आहे. नव्या फोनवर त्याच नंबराने आत गेलात की सगळं परत दिसतं, चढवलेल्या फायलीही राहतात. पहिलं काम सिम बंद करणं, दुसरं त्याच नंबराचं नवं सिम घेणं. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, सिम चोरीपासून संरक्षण म्हणून तशी व्यवस्था केलेली आहे. त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून वडिलांचा दाखला किंवा मुलीचा अर्ज पुन्हा पुन्हा भरत बसू नका, दुसऱ्या दिवशी भरा. मुदतीची कामं निदान आठवडाभर आधी उरका, म्हणजे असा एखादा दिवस हातातून गेला तरी काही अडणार नाही.